रेबीजचा टायटर तिसऱ्यांदा करू का?

प्रश्न : मी ४१ वर्षांची, माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. फेब्रुवारीत आमच्या गल्लीतला तांबडा कुत्रा पोटरीला चावला, रक्त आलं. लगेच साबणाने धुतलं आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात गेले. तिथे जखमेत सिरम टोचलं, दंडांवर लशीचे चारही डोस तारखेनुसार घेतले. पण खासगीत पाच पूर्ण इंजेक्शनं देतात आणि मला एवढंसंच औषध दिलं, हे मनातून जाईना. म्हणून एप्रिलमध्ये खासगी लॅबमध्ये अँटिबॉडी टायटर (रक्तात रेबीजशी लढणाऱ्या अँटिबॉडीज किती आहेत ते मोजणारी चाचणी) केला. ५.८ आला. काही दिवस फार हलकं वाटलं. मग केरळात लस घेऊनही मुलं दगावल्याचं वाचनात आलं. जुलैमध्ये दुसऱ्या लॅबमध्ये टायटर केला, तर २.१! म्हणजे संरक्षण संपत चाललंय का? कुत्रा अजून गल्लीतच फिरतो, पण चावलेला कुत्रा तोच, याचीही आता खात्री वाटत नाही. रोज सकाळी घोट घोट पाणी पिऊन बघते, गिळता येतंय ना. मिस्टर म्हणतात, आता पुरे. खरी चाचणी बंगळूरला होते असं कळलं. रक्त तिकडे पाठवू का? की सरळ परत एक कोर्स घेऊन टाकू?
ता. क. मुलगी नऊ वर्षांची आहे. तिला आधीच लस देऊन ठेवावी का?

उत्तर :

नका करू. तिसरा टायटर नको, बंगळूर नको, आणि परत कोर्स तर अजिबात नको. तुम्ही विज्ञान शिकवत असाल-नसाल, पण शिक्षिका आहात. नुसतं ‘नको’ ऐकून तुमचं समाधान होणार नाही, म्हणून कारणं सविस्तर सांगते.

सुरुवात कुत्र्यापासून करू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा रिपोर्ट त्याच्याकडे आहे आणि तुम्ही तो एका ओळीत उडवून लावला आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत येतो तो अगदी शेवटी, मेंदूपर्यंत पोचून झाल्यावर. लाळेत विषाणू आला की तो कुत्रा थोड्याच दिवसांत आजारी पडतो आणि मरतो. म्हणून जगभर दहा दिवसांचा नियम पाळतात : चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवसांनंतर जिवंत आणि ठणठणीत असेल, तर चावला त्या क्षणी त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. ‘बहुधा नव्हता’ असं नाही म्हणत मी, नव्हता. (हा नियम कुत्र्या-मांजरांपुरताच. माकड, मुंगूस, कोल्ह्याला लावायचा नाही. आणि दहा दिवस वाट पाहून मग लस घेऊ, असाही त्याचा अर्थ नाही. लस पहिल्याच दिवशी सुरू करायची, तुम्ही केलीत तशी.) तुमचा तांबडा फेब्रुवारीत चावला आणि जुलैतही गल्लीत फिरतोय. कुठल्याही लॅबचा कुठलाही आकडा यापेक्षा भक्कम पुरावा देऊ शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, पण तोच कुत्रा कशावरून? एक विचारते. फेब्रुवारीत, चावल्यानंतरच्या आठवड्यात तुम्हाला ही शंका होती का? पत्रावरून तरी दिसत नाही. ‘आता खात्री वाटत नाही’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे पुरावा बदलला नाही, तुमची त्याच्यावरची पकड सुटली. याच्याकडे मी पुढे परत येणार आहे, कारण खरा आजार तिथे आहे. आणि तूर्त धरून चालू की कुत्रा दुसरा होता आणि त्याचं पुढे काय झालं ते कोणालाच ठाऊक नाही. तरीही तुमचं सगळं ठीकच आहे. आपल्याकडे लस देतात ती कुत्रा पिसाळलेलाच होता असं गृहीत धरून.

‘एवढंसंच औषध’ ही तक्रार मी इतक्या जणांकडून ऐकली आहे की सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर याचं उत्तर मोठ्या अक्षरांत लावावं असं वाटतं. लस द्यायच्या दोन पद्धती आहेत. एकीत स्नायूत पूर्ण डोस देतात : पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. खासगीत बहुधा हीच पद्धत वापरतात. दुसरीत कातडीच्या आत, दोन्ही दंडांवर ०.१ मिलिलिटरचे दोन छोटे फुगे उठवतात : पहिला दिवस, तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा. ही पद्धत थायलंडमध्ये विकसित झाली, भारतात तिला २००६ मध्ये मान्यता मिळाली आणि जागतिक आरोग्य संघटना तिची शिफारस करते. औषध कमी लागतं ते कंजूषपणामुळे नाही. परकं काही शरीरात शिरलं की त्याची वर्दी देणाऱ्या पेशी कातडीत खच्चून भरलेल्या असतात, स्नायूत तेवढ्या नसतात. थोड्याशा औषधातही तिथे काम भागतं, आणि वाचलेल्या लशीतून आणखी चार माणसांचं भागतं. तुमच्या आजीच्या पिढीला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस आपल्याकडे २००५ च्या सुमारास बंद झाली. जास्त टोचलं म्हणजे जास्त संरक्षण ही समजूत बहुतेक तिथूनच आपल्या घराघरांत उतरली असावी.

आता आकड्याकडे.

५.८ चा २.१ झाला म्हणून तुम्ही घाबरलात. पहिली गोष्ट, दोन लॅब, दोन किट, दोन वेगळ्या वेळा. अशा चाचण्यांत एकच नमुना दोनदा तपासला तरी दुपटी-निमपटीचा फरक पडू शकतो. दुसरी गोष्ट, अँटिबॉडीज कमी व्हायलाच हव्यात. लशीनंतर काही आठवड्यांत त्या शिखरावर जातात आणि मग उतरतात. प्रत्येक लशीच्या आणि प्रत्येक आजाराच्या अँटिबॉडीज आयुष्यभर शिखरावर राहिल्या असत्या तर आपलं रक्त वाहिलंच नसतं. मागे उरतात त्या स्मृतिपेशी. पुन्हा तोच विषाणू किंवा लशीचा एक थेंब दिसला की त्या काही दिवसांत अँटिबॉडीज पूर्वीपेक्षा वर नेतात. त्या पेशी टायटरमध्ये दिसत नाहीत. म्हणूनच ज्याचा कोर्स एकदा पूर्ण झालाय त्याला काही वर्षांनी पुन्हा कुत्रा चावला, तर डॉक्टर टायटर विचारत नाहीत; सरळ दोन डोस देतात, पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि सिरम लागत नाही.

तिसरी गोष्ट, ज्या रेषेशी तुम्ही आकडा ताडून पाहताय ती रेषा कसली आहे? रिपोर्टच्या खाली ‘०.५ च्या वर’ असं छापलेलं असेल. जागतिक आरोग्य संघटनेने ०.५ युनिट हा आकडा ठरवला तो ‘शरीराने लशीला नीट प्रतिसाद दिला’ याची खूण म्हणून. सुदृढ माणसं कोर्स सुरू झाल्यापासून साधारण दोन आठवड्यांत ही खूण ओलांडतात. ती ओलांडली की प्रश्न मिटतो. ५.८ वाला २.१ वाल्यापेक्षा जास्त सुरक्षित आणि १२ वाला त्याहून जास्त, अशी ती शिडी नाही. तुमचे दोन्ही आकडे रेषेच्या कितीतरी वर आहेत.

बंगळूरच्या निम्हान्समध्ये (मेंदू आणि मनाच्या आजारांच्या राष्ट्रीय संस्थेत) होते ती चाचणी वेगळी, हे खरं. खासगी लॅब बहुधा एलायझा करतात. त्यात अँटिबॉडी विषाणूच्या तुकड्याला चिकटते का, एवढं कळतं. निम्हान्समध्ये आरएफएफआयटी नावाची चाचणी करतात. रक्तातला पातळ भाग जिवंत रेबीज विषाणूत मिसळायचा, तो जिवंत पेशींवर सोडायचा आणि किती विषाणू निकामी झाला ते चमकणारा रंग वापरून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचं. उत्तम चाचणी आहे. जगात ती प्रमाण मानतात. पण ती तुमच्या प्रश्नाचं उत्तर देत नाही, आणि हे जरा सावकाश वाचा.

तुम्हाला भीती कसली आहे? माझ्या अँटिबॉडीज कमी आहेत, ही नाही. ‘त्या दिवशी माझ्या पोटरीत विषाणू शिरला असेल आणि तो आत कुठेतरी दबा धरून बसला असेल,’ ही आहे. केरळातल्या बातम्यांनी तीच भीती चाळवली. २०२५ च्या उन्हाळ्यात तिथे लस सुरू झालेली असतानाही मुलं दगावली, हे खरं आहे. रेबीजचा विषाणू रक्तातून फिरत नाही. जखमेजवळच्या मज्जातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकतो. एकदा तंतूत शिरला की रक्तातल्या अँटिबॉडीज त्याला सहजासहजी गाठू शकत नाहीत. डोकं, चेहरा, मान, बोटं इथे मज्जातंतूंचं जाळं दाट; डोक्या-चेहऱ्यापासून मेंदूही हाकेच्या अंतरावर. लहान मुलांना कुत्रा चावतो तो नेमका तिथे, कारण त्यांची उंचीच तेवढी. अशा जखमेत लस सुरू केली तरी शरीराच्या अँटिबॉडीज तयार होईपर्यंत विषाणू पुढे निघून गेलेला असू शकतो. हाच आठवडा-दीड आठवडा भरून काढायला जखमेत सिरम टोचतात : तयार अँटिबॉडीज, थेट जागेवर. लस घेऊनही माणूस दगावतो तेव्हा मागे बहुतेक वेळा यातलं काहीतरी असतं. जखम धुतली नाही, उशीर झाला, सिरम दिलं नाही किंवा जखमेत नीट पोचलं नाही, डोस अर्धवट सोडले, किंवा जखमच अशा जागी होती. तुमच्या पोटरीबाबतीत यातलं काय झालं? काहीच नाही. धुतलं, त्याच दिवशी गेलात, सिरम मिळालं, चारही डोस वेळेवर.

आणि टायटर? ज्याच्या मज्जातंतूत विषाणू आधीच शिरलाय, त्याच्याही रक्तात लशीमुळे अँटिबॉडीज भरपूर सापडू शकतात. म्हणजे आकडा चांगला आला तरी तुमची ती विशिष्ट भीती खोटी ठरत नाही, आणि कमी आला तरी ती खरी ठरत नाही. लक्षणं नसलेल्या माणसात रेबीजचा विषाणू आहे की नाही हे सांगणारी चाचणी जगात कुठेही नाही, बंगळूरलाही नाही. म्हणून एप्रिलचं समाधान काही दिवसच टिकलं. तुमच्या मनाने बरोबर ओळखलं होतं की उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं मिळालंय.

मग या चाचण्या असतातच कशाला? असतात, आणि काही जणांना हव्याच असतात. प्रयोगशाळेत रेबीजचा विषाणू हाताळणारे लोक दर सहा महिन्यांनी टायटर करतात. पशुवैद्य, कुत्री पकडणारे कर्मचारी यांचाही ठरावीक काळाने बघतात. अवयव-प्रत्यारोपण झालेले, केमोथेरपी चालू असलेले, एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती खालावलेले, दीर्घकाळ स्टिरॉइडवर असलेले लोक लशीला नीट प्रतिसाद देतीलच असं नसतं. त्यांचा टायटर शेवटच्या डोसनंतर दोन ते चार आठवड्यांनी करतात आणि कमी आला तर आणखी डोस देतात. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू असेल तर तेही लस घेतानाच सांगावं, कारण या जातीच्या औषधांनी कातडीतल्या लशीचा परिणाम कमी होऊ शकतो. यातलं काही तुम्हाला लागू असेल आणि पत्रात लिहायचं राहिलं असेल, तर मात्र एकदा डॉक्टरांना दाखवा आणि ते म्हणतील तसं करा. तो निर्णय त्यांचा, लॅबच्या पॅकेजचा नाही.

फरक कुठे आहे बघा. हिपॅटायटिस-बीचं उदाहरण घेते, कारण मला ते आवडतं. तिथे सगळं स्वच्छ आहे. नर्स, डॉक्टर, डायलिसिसचे रुग्ण, बाधित आईची बाळं यांना लस दिल्यावर एक-दोन महिन्यांनी अँटिबॉडी मोजतात. १० च्या वर आली तर संपलं. खाली आली तर पुन्हा डोस. आणि गंमत अशी की सुदृढ माणसाची एकदा १० च्या वर गेली की पुढे वर्षांनी ती घसरली तरी कोणी मोजत बसत नाही. चाचणी करण्याआधीच ठरलेलं असतं, असं आलं तर काय करायचं आणि तसं आलं तर काय. तुम्ही तिसरा टायटर करायला निघालात. समजा ०.९ आला, काय कराल? घाबराल. समजा ७ आला? काही दिवस बरं वाटेल आणि मग चौथा कधी करू, हा प्रश्न येईल. दोन्ही रस्ते त्याच लॅबच्या दारात येतात.

हे तुमच्या एकटीचं नाही. २०२१ मध्ये पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोविडच्या अँटिबॉडीजचे आकडे दहावीच्या मार्कांसारखे फिरत होते. एकाचा ‘२५० च्या वर’, दुसऱ्याचा बारा हजार, आणि पहिला बिचारा खचलेला. वास्तविक एका किटची मोजपट्टी २५० ला संपत होती आणि दुसऱ्याची कितीतरी हजारांपर्यंत जात होती, एककंही वेगळी. त्याहून वाईट म्हणजे काही जणांनी कोविशिल्ड घेऊन भलतीच चाचणी केली. कोविशिल्ड शरीराला विषाणूचं फक्त काटेरी प्रथिन दाखवते. काही किट विषाणूच्या आतल्या, न्यूक्लिओकॅप्सिड नावाच्या प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडीज शोधत होती. त्या या लशीने तयार होणारच नव्हत्या. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आणि माणूस रात्रभर जागा, लस वाया गेली म्हणून. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २०२१ मध्येच जाहीर सांगितलं होतं की लशीनंतर संरक्षण किती हे ठरवायला या चाचण्या वापरू नका. आपल्याकडे तेव्हाही पॅकेजं विकली जात होती. आजही जातात. लॅबला दोष देण्यात अर्थ नाही. कोणी मागितलं तर ते रक्त काढणारच. पण घाबरलेल्या माणसाला आकडा विकणं हा बरा धंदा नाही, असं माझं मत आहे.

आता पाण्याच्या घोटांकडे येते. पत्र वाचताना मी तिथे थांबले.

रोज सकाळी गिळता येतंय का ते बघणं, कुत्रा तोच का हे पुन्हा पुन्हा आठवून पाहणं, मिस्टरांना विचारणं, मोबाइलवर रात्री शोधणं आणि टायटर, ही सगळी एकाच कुळातली कामं आहेत. शंका येते, जीव कासावीस होतो, आपण काहीतरी तपासतो, घटकाभर बरं वाटतं, आणि शंका आधीपेक्षा दांडगी होऊन परत येते. खाजेसारखं आहे, खाजवल्याने थांबते खरी, पण चट्टा वाढत जातो. त्यात घसा ही अशी जागा आहे की इतक्या लक्षपूर्वक तपासला तर कोणाचाही आवळून येतो. जखमेच्या वणाजवळ मुंग्या येतात असंही तुम्हाला वाटत असेल, किंवा हे वाचून आजपासून वाटेल. भरलेल्या जखमेला खाज-मुंग्या येतातच, आणि एखाद्या जागेकडे दिवसभर लक्ष दिलं की ती जागा बोलू लागते.

याला चिंतेचा आजार म्हणायचं की मंत्रचळ (ओसीडी), हे पत्रावरून ठरवणं बरोबर नाही आणि मी ठरवणार नाही. पण पाच-सहा महिने झाले, झोप-संसार-नोकरी यांत ते घुसलंय, तर मानसोपचारतज्ज्ञांना एकदा भेटायलाच हवं. रेबीजबद्दलची ही भीती आपल्याकडे त्यांना नवी नाही; त्यांनी असे पुष्कळ लोक पाहिलेले असतात. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. तिथे जाणं जमत नसेल तर टेलि-मानसला १४४१६ वर फोन करा. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. औषधं लागतीलच असं नाही. लागली तर घ्या, ती काही आयुष्यभराची बेडी नसते. बोलण्याच्या उपचारात जे शिकवतात त्याचा गाभा थोडक्यात असा : शंका आली की तिचं उत्तर शोधायचं नाही. तगमग होईल, होऊ द्यायची. तपासलं नाही तरीही ती चढून आपोआप उतरते, हे शरीराला अनुभवातून कळावं लागतं. वाचून कळत नाही. माझा हा एवढा लांबलचक लेखही त्याला अपवाद नाही. हा एकदा वाचा. शंका आली की काढून वाचायचा, असं चालू केलंत तर याचाही टायटर होईल.

सुरुवात कुठून करायची तर सकाळच्या त्या घोटांपासून. उद्यापासून तहान लागेल तेव्हा पाणी प्या, तपासायला म्हणून पिऊ नका. पहिले काही दिवस जड जातील. ते साधलं की मोबाइलवरचा शोध बंद. रक्ताची अपॉइंटमेंट घेतली असेल तर ती आजच रद्द करा, हे मात्र हळूहळू करायचं नाही.

मिस्टरांना हा भाग वाचून दाखवा. ‘काही होत नाही गं’ हे वाक्य त्यांनी आतापर्यंत शेकडो वेळा म्हटलं असेल आणि शेवटी वैतागून ‘पुरे’ म्हणाले असतील. दोन्हींचा उपयोग नाही, पहिल्याचा तर उलटा परिणाम होतो, कारण तेही तुमच्यासाठी एक तपासणीच झालंय. तुम्ही विचारलंत की त्यांनी प्रेमाने, पण एकदाच म्हणावं, ‘याचं उत्तर आपण दिलंय, आता परत देणार नाही.’ आणि विषय बदलावा. राग नको, समजावणीही नको. तुम्ही दोघांनी शांतपणे बसून हे आधी ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी ते तुम्हाला कठोर वाटेल.

टायटरवर जे पैसे गेले ते गेले. पण काहीतरी करायला हवं ही जी ऊर्मी आहे ना तुमची, तिला एक खरं काम देते. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून त्या तांबड्याला आणि गल्लीतल्या बाकीच्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून घ्या. शेजारपाजारचे चार लोक घ्या बरोबर. एका भागातल्या सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली की त्या भागातली रेबीजची साखळी तुटते, असं मानतात. गोवा २०२१ मध्ये रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं ते गल्लोगल्ली हिंडून, जाळ्यात धरून कुत्र्यांना लस दिल्यामुळे. अर्थात हे तुमच्या भीतीवरचं औषध म्हणून करू नका, गावासाठी करा. आणि तांबडा ओळखू येतो की नाही याची परीक्षा घ्यायला जाऊ नका!

पुढे कधी पुन्हा कुत्रा चावला तर काय, हेही सांगून ठेवते, म्हणजे ते शोधायला मोबाइल उघडायला नको. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. मिरचीपूड, हळद, चुना, तंबाखू काही भरायचं नाही. फेब्रुवारीतलं कार्ड घेऊन दवाखान्यात जायचं. बहुधा दोन डोस मिळतील. त्या कार्डाचा फोटो काढून मिस्टरांच्या मोबाइलमध्ये ठेवा, तुमच्या नको. कुत्रा नुसता अंगावरून गेला, त्याने कपडे हुंगले किंवा धड कातडीला चाटलं, तर घरी येऊन हात-पाय धुवायचे, बस्स. त्याला लस लागत नाही.

राहता राहिली मुलगी. तुमचा प्रश्न भीतीतून आला असला तरी प्रश्न चुकीचा नाही. भटकी कुत्री भरपूर असलेल्या गावात मुलांना आधीच लस देऊन ठेवणं योग्य ठरू शकतं. मुलं चावल्याचं घरी लपवतात, आणि त्यांना चावतो तोही चेहऱ्या-हातांना. आपल्याकडे त्यासाठी तीन डोस देतात : पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि एकविसाव्या किंवा अठ्ठाविसाव्या दिवशी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ पासून दोनच पुरेसे मानले आहेत. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते सांगतील ते वेळापत्रक धरा. लस झाली तरी पुढे कुत्रा चावल्यास धुणं आणि दोन डोस चुकत नाहीत, हे तिलाही सांगून ठेवा. चावला तर लगेच सांगायचं, कोणी रागावणार नाही, हेही. फक्त तिला दवाखान्यात न्यायचं काम या वेळी मिस्टरांवर सोपवा. आणि लस झाल्यावर तिचा टायटर करू नका.